एडी जॉर्ज: कोचिंगचा अनुभव शून्य, तरी थेट हेड कोच

एप्रिल २०२१ मध्ये नॅशव्हिलच्या टेनेसी स्टेट युनिव्हर्सिटीने (पुढे नुसतं टीएसयू म्हणतो) फुटबॉल टीमचा नवा हेड कोच जाहीर केला, एडी जॉर्ज. नाव ऐकून शहर खूश, कारण हा माणूस टेनेसी टायटन्स या त्यांच्या एनएफएल टीमचा (एनएफएल म्हणजे तिथली प्रोफेशनल फुटबॉल लीग) आजवरचा सगळ्यात लाडका रनिंग बॅक. पण कोचिंग लाइनमधल्या लोकांनी डोक्याला हात लावला, कारण एडीने तोपर्यंत एकाही टीमला कोचिंग केलेलं नव्हतं. असिस्टंट म्हणून नाही, पोझिशन कोच म्हणून नाही, काहीच नाही. वय ४७, खेळ सोडून सोळा वर्षं झालेली, आणि थेट हेड कोचच्या खुर्चीत.

हे प्रकरण मला अभ्यासण्यासारखं वाटतं कारण हा वाद आपल्याकडेही दर दोन वर्षांनी होतो, मोठा खेळाडू आहे म्हणून कोच करायचं का. बहुतेक वेळा चर्चा "नाव बघून घेतला" इथेच संपते आणि पुढे चार वर्षांत नक्की काय झालं हे कोणी बघत नाही. टीएसयूच्या केसमध्ये ती चार वर्षं पूर्ण झालीत, रिझल्ट समोर आहेत, त्यामुळे नीट बघता येतं.

आधी थोडं बेसिक. हा फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, अंडाकृती बॉल आणि हेल्मेटवाला. रनिंग बॅक म्हणजे जो बॉल काखेत दाबून समोरच्या गर्दीत घुसतो. कबड्डीतला रेडर डोळ्यासमोर आणा, फक्त याला टच करून परत यायचं नसतं, पुढेच जायचं असतं, आणि समोरचे अकरा जण याला आडवा करायलाच उभे असतात. मॅचमध्ये वीस-पंचवीस वेळा हेच. त्यामुळे रनिंग बॅकचं करिअर छोटं असतं, तिशीला पोचेपर्यंत शरीर संपतं.

आणि कोच बनणाऱ्यांमध्ये रनिंग बॅक तसे कमीच दिसतात. क्वार्टरबॅक (बॉल आधी ज्याच्या हातात येतो आणि जो पास फेकतो) सगळं मैदान वाचतो, प्ले म्हणजे पुढची चाल त्याच्या तोंडून जाते, म्हणून त्याला उद्याचा कोच समजतात. रनिंग बॅकला समजतात इंजिन. खरं तर हे अर्धवट आहे, कारण पास प्ले असेल तेव्हा समोरून कोण धावून येणार हे ओळखून क्वार्टरबॅकला वाचवायचं काम रनिंग बॅकचंच असतं, म्हणजे डिफेन्स त्यालाही वाचता यावा लागतो. पण शिक्का बसतो तो बसतोच. एरिक बिएनेमीचं उदाहरण घ्या, कोलोरॅडोचा जबरदस्त रनिंग बॅक, नंतर एकेक पायरी चढत रनिंग बॅक कोच, मग कॅन्सस सिटी चीफ्सचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (आक्रमणाची बाजू सांभाळणारा कोच), त्या पदावर असताना दोन सुपर बोल, म्हणजे एनएफएलच्या फायनल, जिंकले, इंटरव्ह्यू कितीतरी झाले, एनएफएलमध्ये हेड कोच काही कोणी केला नाही. रांगेत उभं राहून त्याला जे मिळालं नाही ते (कॉलेज लेव्हलला का होईना) एडीला रांगेत न लागता मिळालं. यावर चिडलेले लोक चुकीचे होते असं मी म्हणणार नाही.

माणूस कोण होता

जन्म १९७३, फिलाडेल्फिया. आई डॉना, एकटीने मुलं वाढवली. एडी अबिंग्टन हायस्कूलला होता, खेळात बरा, अभ्यासात टंगळमंगळ. आईने सरळ उचललं आणि व्हर्जिनियातल्या फोर्क युनियन मिलिटरी अकॅडमीत टाकलं, पहाटे उठा, बूट चमकवा, रांगेत जेवा. मुलाने आदळआपट केली असणारच, पण तिथूनच तो ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीला पोचला.

ओहायो स्टेटमधला पहिला सीझन, १९९२. सुरुवात झकास, सिराक्यूजविरुद्ध तीन टचडाऊन (बॉल समोरच्या टोकाच्या पट्ट्यात, म्हणजे एंडझोनमध्ये, नेला की टचडाऊन, सहा पॉइंट). मग आली इलिनॉयची मॅच. ही मॅच जरा जवळून बघू, कारण पुढे कोच झाल्यावर पोरांसमोर उभा राहणारा जो माणूस दिसतो तो इथून सुरू होतो.

ओहायो स्टेट इलिनॉयच्या ४ यार्ड लाइनवर, म्हणजे एंडझोन चार-साडेतीन मीटरवर. बॉल एडीला. बॉल हातातून निसटला, इलिनॉयच्या खेळाडूने उचलला आणि उलट्या दिशेने ९६ यार्ड पळत जाऊन टचडाऊन केला. आपले सहा पॉइंट होणार होते ते त्यांचे झाले. तरी कोचने पुन्हा विश्वास टाकला. शेवटच्या क्वार्टरमध्ये, मॅच अटीतटीची, ओहायो स्टेट आता १ यार्डवर. पुन्हा एडी, पुन्हा बॉल निसटला. इलिनॉय १८, ओहायो स्टेट १६. घरचं मैदान, स्वतःचेच लोक हुर्यो उडवतायत आणि पोरगा वयाने एकोणीस.

त्यानंतर त्याला बॉल मिळणं जवळपास बंद झालं. १९९३ चा पूर्ण सीझन तो मागच्या रांगेत होता. दुसरा कोणी असता तर कॉलेज बदललं असतं, हा थांबला. १९९४ ला जागा मिळाली तर १४४२ यार्ड काढले आणि १९९५ ला तर कहरच, १९२७ यार्ड, धावून २४ टचडाऊन. आणि त्याच वर्षी इलिनॉय पुन्हा समोर आली, त्या एका मॅचमध्ये ३१४ यार्ड, ओहायो स्टेटचा तेव्हाचा रेकॉर्ड. वर्षाच्या शेवटी हाइसमन ट्रॉफी, कॉलेज फुटबॉलमधला सर्वोच्च मान, नेब्रास्काच्या टॉमी फ्रेझियरला मागे टाकून. नेब्रास्कावाले आजही म्हणतात आमच्यावर अन्याय झाला, कारण त्यांची टीम तेव्हा चॅम्पियन झाली आणि ओहायो स्टेट नेहमीसारखी मिशिगनकडून हरली. जाऊ दे, तो वेगळा विषय.

१९९६ च्या ड्राफ्टमध्ये (एनएफएल टीम्स कॉलेजची पोरं पाळीपाळीने निवडतात तो) ह्यूस्टन ऑयलर्सने चौदाव्या नंबरला उचलला. पहिल्याच वर्षी १३६८ यार्ड आणि रूकी ऑफ द इयर (ऑफेन्सचा). नंतर टीमच उठून टेनेसीला गेली, एक वर्ष मेम्फिसमध्ये, एक वर्ष व्हँडरबिल्टच्या कॉलेज मैदानावर, आणि १९९९ ला स्वतःचं स्टेडियम आणि टेनेसी टायटन्स हे नवं नाव. म्हणजे शहरात ही टीम रुजवणाऱ्यांत क्वार्टरबॅक स्टीव्ह मॅकनेअर आणि एडी हे दोघं सगळ्यात पुढे. त्याच सीझनला टीम सुपर बोलला गेली. जानेवारी २०००, अटलांटा, समोर सेंट लुईस रॅम्स. १६-० ने मागे असताना एडीने दोन टचडाऊन मारले, किकचे पॉइंट धरून १६-१६ झाले, मग रॅम्सने एका लांब पासवर २३ केले, आणि शेवटच्या प्लेला टायटन्सचा केविन डायसन हात लांब करून १ यार्डवर पडला. तेवढ्यावर फायनल गेली. एडी जॉर्जच्या आयुष्यात ही १ यार्डची लाइन फार वेळा येते.

आकडे बघा म्हणजे याचं शरीर किती वापरलं गेलं ते कळेल. ऑयलर्स आणि टायटन्सकडे आठ सीझन, १२८ मॅचेस, एकही चुकली नाही. आठही वर्षी तीनशेच्या वर वेळा बॉल घेऊन घुसला, २००० साली तर ४०३ वेळा. त्या वर्षी १५०९ यार्ड निघाले आणि त्याची किंमत पुढच्या वर्षी मोजली, पायाच्या अंगठ्याची दुखापत, सर्जरी, २००१ मध्ये फक्त ९३९ यार्ड आणि दर धावेमागे जेमतेम तीन. तिथून तो पहिल्यासारखा परत कधी झालाच नाही. २००४ ला टायटन्सने पगार कमी कर म्हटलं, हा नाही म्हणाला, टीमने सोडून दिलं. डॅलस काउबॉयजकडे एक वर्ष काढलं, ४३२ यार्ड, बस. एकूण १०,४४१ यार्ड, धावून ६८ टचडाऊन. टायटन्सने २०१९ मध्ये त्याची २७ नंबरची जर्सी मॅकनेअरच्या ९ नंबरसोबत एकाच दिवशी रिटायर केली. मॅकनेअर तोवर हयात नव्हता, २००९ मध्ये त्याचा खून झाला होता.

मधली सोळा वर्षं

लोक एडीची गोष्ट सांगताना खेळाडू ते कोच अशी थेट उडी मारतात. माझ्या मते या केसची किल्ली मधल्या वर्षांत आहे, आणि टीएसयूने नाव बघून घेतला असेलही, पण त्यांना मिळालं ते या मधल्या काळात तयार झालेलं काहीतरी.

निवृत्तीनंतर त्याला जड गेलं, हे तो स्वतः उघडपणे बोललाय. रविवारी सत्तर हजार लोक तुमच्या नावाने ओरडतात आणि पुढच्या सीझनला फोनही वाजत नाही. यातून बरेच जण गोल्फ, टीव्ही आणि जुन्या आठवणी यात अडकतात. टीव्हीवर एडीही गेला, कॉलेज फुटबॉलचा अ‍ॅनालिस्ट म्हणून. पण बाकी काय काय केलं बघा. ओहायो स्टेटची अर्धवट राहिलेली डिग्री त्याने खेळत असतानाच २००१ मध्ये पूर्ण केली होती, आणि विषय कुठला तर लँडस्केप आर्किटेक्चर, बागा, रस्ते, मोकळ्या जागा यांचं डिझाइन. त्यात फर्म काढली. कोलंबसमध्ये रेस्टॉरंट काढलं. नॉर्थवेस्टर्नच्या केलॉग स्कूलमधून २००९ मध्ये एक्झिक्युटिव्ह एमबीए केलं. आणि मग, हे मला सगळ्यात भारी वाटतं, नाटक. नॅशव्हिलच्या शेक्सपिअर फेस्टिव्हलमध्ये स्टेजवर उभा राहिला, २०१६ मध्ये तर ब्रॉडवेवर एका गाजलेल्या म्युझिकलमध्ये मेन वकिलाचा रोल केला, गाणं नाच सगळं.

आता विचार करा, हाइसमन जिंकलेला, सव्वासहा फुटी माणूस चाळिशीत अ‍ॅक्टिंगच्या वर्गात बसतो, वीस-बावीस वर्षांच्या पोरांसोबत, आणि टीचर सांगते तुझा आवाज छातीतून येत नाहीये, पुन्हा कर. एमबीएच्या वर्गात बॅलन्स शीट बघून डोकं खाजवतो. म्हणजे ज्या वयात मोठे खेळाडू "मला सगळं माहितीये" या मोडमध्ये जातात त्या वयात हा दर दोन-चार वर्षांनी कुठेतरी पहिल्या बाकावरचा नवशिक्या होत होता. कोचिंगचा अनुभव शून्य होता हे खरंच, पण न येणारी गोष्ट चारचौघांत शिकायचा अनुभव भरपूर होता. तो बायोडेटात लिहिता येत नाही.

टीएसयूची बाजू

टीएसयू ही एचबीसीयू, म्हणजे गोऱ्यांच्या कॉलेजात प्रवेश नव्हता त्या काळात कृष्णवर्णीयांसाठी निघालेल्या युनिव्हर्सिट्यांपैकी एक. फुटबॉलचा इतिहास दणदणीत. जॉन मेरिट १९६३ ते १९८३ कोच होते, त्या काळात एड "टू टॉल" जोन्स, रिचर्ड डेंट असे खेळाडू इथून एनएफएलला गेले. पण नंतर चित्र बदललं, मोठी गोरी कॉलेजं कृष्णवर्णीय खेळाडू घ्यायला लागली, पैसा तिकडे, टीव्ही तिकडे, आणि एचबीसीयू मागे पडल्या. त्यात सरकारी निधीचा प्रश्न. २०२१ मध्येच टेनेसीच्या विधिमंडळाच्या कमिटीसमोर आलं की राज्याने टीएसयूला अनेक दशकांत हक्काचे १५ ते ५४.४ कोटी डॉलर दिलेच नाहीत. २०२३ मध्ये केंद्र सरकारने पत्र पाठवून तीस वर्षांची तूट २१० कोटी डॉलर असल्याचं सांगितलं. अशा ठिकाणी नवीन वेट रूम मागायची म्हणजे काय असतं ते समजून घ्या.

एडीच्या आधी कोच होते रॉड रीड. टीएसयूचेच माजी खेळाडू, २०१० पासून हेड कोच, २०१३ ला टीम प्लेऑफला नेली, नंतर उतरती कळा. कोविडमुळे २०२० चा सीझन पुढे ढकलून २०२१ च्या वसंतात खेळवला, तो संपला आणि रीड यांना निरोप. घरचा माणूस, अकरा वर्षं खपला, आणि जागा गेली कधीच कोचिंग न केलेल्याला. या प्रकरणात वाईट वाटावं असं कोणाबद्दल असेल तर ते रीड यांच्याबद्दल.

मग युनिव्हर्सिटीने असं का केलं? प्रेसिडेंट ग्लेंडा ग्लोव्हर आणि अ‍ॅथलेटिक डायरेक्टर मिकी अ‍ॅलन यांच्यासमोर एक ताजं उदाहरण होतं. सप्टेंबर २०२० मध्ये मिसिसिपीच्या जॅक्सन स्टेटने, तीही एचबीसीयू, एनएफएलचा जुना सुपरस्टार डिऑन सँडर्सला कोच केलं होतं आणि रातोरात टीव्हीचे कॅमेरे तिकडे वळले. त्यात टायमिंग बघा. २०२१ च्या त्याच एप्रिलमध्ये कॉलेज खेळांच्या एनसीएएने नियम बदलला की खेळाडू एकदा कॉलेज बदलू शकतो, आधीसारखं वर्षभर बाहेर बसायची गरज नाही. जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती वगैरे करून पैसे कमवायची परवानगी मिळाली. म्हणजे अठराव्या वर्षी पोरगा घ्यायचा, तीन वर्षं घडवायचा, चौथ्या वर्षी खेळवायचा हे जुनं गणित एका उन्हाळ्यात मोडलं. आता दरवर्षी बाजार भरणार आणि बाजारात तुमच्या फोनला उत्तर मिळायला पाहिजे. एडी जॉर्जचा फोन आला तर पोराचा बाप तरी उचलणारच, कारण बापाच्या खोलीत कधीकाळी २७ नंबरचं पोस्टर होतं. त्यामुळे "नुसतं नाव बघून घेतला" हे वाक्य बरोबर असलं तरी २०२१ मध्ये नाव ही नुसती शोभेची गोष्ट राहिली नव्हती, हे टीका करणाऱ्यांच्या लक्षात आलं नाही असं माझं मत.

चार सीझन

पहिलं काम एडीने केलं ते म्हणजे ज्यांना येतं त्यांना बोलावलं. ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर म्हणून ह्यू जॅक्सन, जे एनएफएलमध्ये दोन टीम्सचे हेड कोच राहिलेले. डिफेन्सला ब्रँडन फिशर, म्हणजे टायटन्सचे जुने कोच जेफ फिशर यांचा मुलगा, एडी ज्यांच्या हाताखाली खेळला त्यांच्याच घरातला. प्ले कॉल करायचा हट्ट एडीने धरला नाही. इथे एमबीए आणि फर्म चालवलेला माणूस दिसतो, आपण मालक आहोत म्हणून ड्रॉइंग आपणच काढायचं नसतं.

तरीही २०२१ सोपं गेलं नाही. पहिली मॅच ओहायोच्या कँटनमध्ये, ग्रँबलिंग स्टेटविरुद्ध, १०-१६ हार. दुसरी मेम्फिसला डिऑनच्या जॅक्सन स्टेटविरुद्ध, दोन मोठी नावं दोन बाजूंना, मीडियाचा गोंधळ, टीएसयू ३८-१६ ने धुतली गेली. सीझन ५-६, म्हणजे पाच विजय, सहा पराभव. वर्ष संपताच ह्यू जॅक्सन ग्रँबलिंगचे हेड कोच म्हणून निघून गेले, म्हणजे ज्या खांबावर ऑफेन्स टेकवलं होतं तोच गेला. २०२२ आणखी वाईट, ४-७. तिकडे डिऑन जॅक्सन स्टेटला जिंकत जिंकत डिसेंबर २०२२ मध्ये कोलोरॅडोला पोचला पण, आणि इकडे हा दोन वर्षांनंतरही निम्म्याच्या खाली. तुलना व्हायचीच.

माझ्या मते या केसमधला सगळ्यात महत्त्वाचा काळ हाच, २०२२ चा डिसेंबर ते २०२३. कारण इथे युनिव्हर्सिटीही घाबरली नाही आणि एडीनेही पळापळ केली नाही. सेलिब्रिटी कोचचा धोका हाच असतो की दोन वर्षांत झालं नाही तर तो कंटाळतो, टीव्हीची ऑफर तर तयारच असते. एडीकडे तर दहा ठिकाणी जायला जागा होती. तो राहिला. १९९३ मध्ये बेंचवर वर्ष काढलेल्या माणसाला हे जमणारच असं म्हणायचा मोह होतो, पण तेवढं सरळ नसतं, ओळखीचं शहर आणि घरदार नॅशव्हिलला असणं हेही कारण असणारच.

२०२३ ची सुरुवात नोत्र दामच्या मैदानावर. अशा मॅचला गॅरंटी मॅच म्हणतात, मोठं कॉलेज पैसे देऊन छोट्याला बोलावतं, छोटं मार खातं आणि चेक घेऊन घरी येतं, त्यातून वर्षाचा खर्च भागतो. नोत्र दाम पहिल्यांदाच एचबीसीयूशी खेळत होतं, त्यामुळे सोहळा मोठा, बँड, सत्कार, सगळं. स्कोअर ५६-३. आकडा बघून हसू नका, खालच्या डिव्हिजनला (एफसीएस म्हणतात) ६३ स्कॉलरशिप, वरच्यांना तेव्हा ८५, शिवाय लाइनमधली माणसं प्रत्येकी पंधरा-वीस किलोने जड, आणि सप्टेंबरच्या उन्हात तिसऱ्या क्वार्टरपासून ते वजन बोलतं. पण त्याच टीमने सीझन ६-५ ने संपवला. एडीचं पहिलं पॉझिटिव्ह वर्ष.

आणि मग २०२४. युनिव्हर्सिटीत तेव्हा सगळं डळमळीत होतं, जून महिन्यात प्रेसिडेंट ग्लोव्हर पद सोडून गेल्या, शरद ऋतूत पैशांचं संकट इतकं वाढलं की पगाराला पुरेल का अशी चर्चा आणि राज्य सरकारकडे धाव. अशा वर्षात फुटबॉल टीमने काय केलं तर कॉन्फरन्सचं (ज्या गटात ही कॉलेजं आपसात खेळतात त्याचं) जेतेपद विभागून मिळवलं, १९९९ नंतर पहिल्यांदा. २०१३ नंतर पहिल्यांदा एफसीएस प्लेऑफ. पहिल्याच फेरीत मोंटानाला त्यांच्या घरी जाऊन हरले, ४१-२७, पण नोव्हेंबरअखेर त्या थंडीत चाळीस मिनिटं-पन्नास मिनिटं लढत देणं आणि ५६-३ यात किती अंतर आहे बघा, आणि दोन्हीत वर्ष-सव्वा वर्षाचाच फरक. सीझन ९-४. एडी कॉन्फरन्सचा कोच ऑफ द इयर.

एकूण हिशोब चार वर्षांत २४ विजय, २२ पराभव. नुसता हाच आकडा दाखवला तर कोणीही म्हणेल ठीकठाक. पण ५, ४, ६, ९ असा क्रम लावला की गोष्ट वेगळी दिसते, आणि मधल्या ४ कडे लोकांनी दुर्लक्ष केलं तर मला राग येतो, कारण ९ त्या ४ च्या वर्षात घेतलेल्या पोरांशिवाय झाला नसता.

मग निर्णय बरोबर होता का

खेळाच्या बाजूने हो. वीस-पंचवीस वर्षं न मिळालेलं जेतेपद मिळालं, तेही कंगाल वर्षात. पण टीएसयूच्या बाजूने बघितलं तर फायदा टिकाऊ किती हा प्रश्न राहतोच. फेब्रुवारी २०२५ च्या शेवटी ओहायोच्या बोलिंग ग्रीन स्टेटचा कोच स्कॉट लोफ्लर अचानक फिलाडेल्फिया ईगल्सकडे क्वार्टरबॅक कोच म्हणून गेला, आणि त्या रिकाम्या खुर्चीवर आठ-दहा दिवसांत, मार्चमध्ये, एडी जाऊन बसला. वरची डिव्हिजन, जास्त पैसा, आणि ज्या राज्याने त्याला आधी हुर्यो केलं, मग हाइसमनपर्यंत डोक्यावर घेतलं ते ओहायो. कोणीही गेलं असतं. पण मार्च म्हणजे स्प्रिंग प्रॅक्टिसचे दिवस, आणि कोच गेला की खेळाडूंना ट्रान्सफरची खिडकी उघडते. माणसाच्या नावावर जमवलेली टीम त्या माणसासोबत हलते, हा अशा निर्णयातला खरा खर्च आणि तो शेवटी कळतो. टीएसयूने तिथे लगेच रेजी बार्लोला आणलं, माजी एनएफएल रिसीव्हर पण कोचिंगमध्ये मुरलेला. बघा, दुसऱ्या वेळेला त्यांनी अनुभव घेतला. यावरून त्यांनी पहिल्या प्रयोगातून काय शिकलं याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

बोलिंग ग्रीन हे कोचेसच्या दृष्टीने चांगल्या शकुनाचं ठिकाण, पुढे कॉलेज फुटबॉलचा मोठा कोच झालेला अर्बन मायर पहिल्यांदा हेड कोच इथेच झाला होता. एडीची सुरुवात लाफायेतला हरवून झाली, ऑक्टोबरमध्ये कट्टर शत्रू टोलेडोलाही हरवलं, गाव खूश. सीझन मात्र ४-८. परत तोच पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा आकडा.

फरक एवढाच की या वेळी वारा उलटा आहे. टीएसयूला असताना ट्रान्सफरचा बाजार त्याला देत होता, वरच्या कॉलेजात बेंचवर सडणारी पोरं नॅशव्हिलला येऊन खेळायला तयार होती. बोलिंग ग्रीनची कॉन्फरन्स मधल्या पायरीवरची, तिथे पोरगा एक वर्ष चमकला की बिग टेनवाले (बड्या कॉलेजांची कॉन्फरन्स) पैशांची थैली घेऊन दारात उभे, आणि त्यातली सगळ्यात मोठी थैली दोन तासांवर कोलंबसला, म्हणजे त्याच्याच ओहायो स्टेटकडे. ज्या कॉलेजाने २७ नंबर भिंतीवर लावलाय ते कॉलेज उद्या त्याचाच क्वार्टरबॅक पळवू शकतं, आणि याला प्रेसमध्ये हसून अभिनंदन करावं लागेल. त्यामुळे २०२६ मध्ये मी स्कोअरपेक्षा आधी रोस्टर, म्हणजे खेळाडूंची यादी, बघणार आहे, २०२५ ला चांगले खेळलेले किती जण जानेवारीनंतरही तिथेच राहिले.